राजधानी पडल्यानंतरचं अध्यक्षपद

१९०३ च्या डिसेंबरात कोस द ला रे हा बोअर सेनापती हिंदुस्थानच्या वाटेला लागला. थोड्याच काळापूर्वी ट्रान्सवालच्या पश्चिम मुलखात याच माणसानं इंग्रजी फौजांना सळो की पळो करून सोडलं होतं. १९०२ च्या मार्चमध्ये तर त्यानं लॉर्ड मेथ्युएन हा इंग्रज सेनापतीच धरला, आणि तो जखमी आहे हे पाहून उपचारांसाठी त्याला इंग्रजांच्या गोटात परत पोचवलं. आता मात्र तो इंग्रज सरकारच्या सांगण्यावरून निघाला होता. काम होतं आपल्याच माणसांची समजूत घालण्याचं.

युद्ध ३१ मे १९०२ रोजी संपलं होतं. तहातलं कलम असं, की परमुलखात नेलेल्या बोअर कैद्यानं आपण राजा सातव्या एडवर्डची प्रजा आहोत एवढं मान्य करायचं. मग त्याला मायदेशी परत नेण्याची सोय होईल. सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थान या ठिकाणी मिळून हजारो बोअर कैदी ठेवले होते. त्यांतले सुमारे नऊ हजार हिंदुस्थानात होते, आणि त्यांच्या छावण्यांमध्ये आपल्याकडचं सातारा होतं, अहमदनगर होतं. बहुतेकांनी शपथ घेतली, जहाजं भरली, ते गेले. काही जणांनी मात्र दीड वर्ष उलटलं तरी घेतली नाही. हे न झुकलेले लोक अहमदनगरला बसून होते.

ते कोणाशी इमान राखत होते? ऑरेंज फ्री स्टेट आणि ट्रान्सवाल ही त्यांची दोन्ही प्रजासत्ताकं नकाशावरून पुसली गेली होती. ट्रान्सवालचा अध्यक्ष पॉल क्रूगर युरोपात परागंदा होता. फ्री स्टेटचा अध्यक्ष मार्टिनस स्टाइन आजारानं लुळा होऊन युरोपातच उपचार घेत होता. राष्ट्रसभेचं सभागृह, टांकसाळ, शिक्का, सगळं इंग्रजांच्या हाती गेलेलं. एका बोअर अध्यक्षपदाला जगात कुठं आधार उरला असेल, तर तो या नगरच्या कैद्यांच्या नकारात उरला होता, असं मला वाटतं. तो नकार मोडायला द ला रे आला. त्याला माणसं परत न्यायची होती. जळालेल्या शेतांवर नांगर धरायला कोणीतरी हवं होतं. त्यानं समजूत घातली, आणि ते परतले.

आळेफाट्यावरून सरळ पूर्वेला निघालं की नगर येतं. कल्याणहून माळशेज चढून ओतूर, आळे, टाकळी ढोकेश्वर करत जाणारा हाच रस्ता जुन्नर तालुक्याला नगरशी जोडतो. जुन्नरच्या माणसाला त्या कैद्यांचा पेच अनोळखी वाटू नये, कारण ज्या नगरात ते अडकले होते ते नगर जुन्नरातून निघालेलं आहे. बहमनी सुलतानांच्या वतीनं जुन्नर प्रांत सांभाळणारा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केल्यावर त्यानं चार वर्षांनी तिथंच शहर वसवायला घेतलं आणि आपलं नाव दिलं. आज ते अहिल्यानगर आहे. निजामशाहीचा पहिला श्वास जुन्नरचा, आणि पुढं तिचा जीव गेला-गेला म्हणताना तो दोन वेळा परत आला तोही याच डोंगरांत.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली, सुलतान बहादुर कैद होऊन गेला. हा बहादुर म्हणजे तोच पोर, ज्याला दरबारातल्या भांडणात चावंडच्या किल्ल्यावर डांबून ठेवलं होतं आणि ज्याच्या हक्कासाठी चांदबिबी उभी राहिली होती. राजधानी पडली, राजा गेला. सरळ हिशेबानं राज्य संपलं. मलिक अंबरनं तो हिशेब मानला नाही. त्यानं राजघराण्यातला दुसरा मुलगा शोधला, परांड्याला त्याच्या नावानं द्वाही फिरवली, मग १६०७ च्या सुमारास दरबार जुन्नरला आणला आणि १६१० मध्ये दौलताबादकडे नेला. ती मधली काही वर्षं जुन्नर हीच निजामशाहीची राजधानी होती.

दुसरी वेळ १६३३ ची. दौलताबाद पडलं, सुलतान हुसेन ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. तेव्हा शहाजीराजांनी जीवधनवर अटकेत असलेला राजवंशातला एक लहान मुलगा सोडवला, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं, आणि जुन्नरचा मुलूख हाताशी धरून तीन वर्षं त्याच्या नावानं कारभार केला. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात मोगल आणि आदिलशाही फौजांपुढं तह करावा लागला. मुलगा ताब्यात द्यावा लागला, शिवनेरी, चावंड, जीवधन, हडसर हे किल्ले सोडावे लागले. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेला शिवबा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्या लहानपणीचं राज्य म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर नेलं जाणारं राज्य होतं, हे आपण शिवनेरीच्या पायऱ्या चढताना क्वचित आठवतो.

निजामशाहीला प्रत्येक वेळी रक्ताचा वारस लागला. पोर दहा वर्षांचं का असेना, ते त्या घराण्याचं हवं. म्हणून तर जुन्नरचे किल्ले राजपुत्रांचे बंदिखाने झाले: नको तेव्हा डांबायला आणि हवे तेव्हा बाहेर काढायला. बोअरांकडे घराणं नव्हतं. त्यांनी राज्याच्या डोक्यावर निवडून दिलेला माणूस बसवला होता, आणि तरीही राजधानी पडल्यावर त्यांच्यावर नेमकी तीच वेळ आली जी मलिक अंबरवर आणि शहाजीराजांवर आली होती. हे अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं कसं, ते पाहायला थोडं मागं जावं लागतं.

१८३५ च्या आसपास केप वसाहतीतले डच वंशाचे शेतकरी बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघाले. इंग्रजी कायदा, इंग्रजी भाषा, गुलामांची मुक्ती, यांतलं काहीच त्यांना पटत नव्हतं. जिथं गाड्या थांबल्या तिथं सभा भरली, सेनानी निवडला गेला. एका सेनानीशी पटलं नाही की दुसरा गट फुटून पुढं गेला. पहिली वीस वर्षं त्यांच्यात अध्यक्ष नावाची गोष्टच नव्हती. इंग्रजांनी १८५२ मध्ये वाल नदीपलीकडच्यांचं आणि २३ फेब्रुवारी १८५४ रोजी ब्लूमफाँटेनच्या करारानं ऑरेंज नदीपलीकडच्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्यातला दुसरा मुलूख इंग्रजांना खर्चाला झेपत नव्हता म्हणून त्यांनी सोडला, हेही खरं आहे.

ऑरेंज फ्री स्टेटनं त्याच वर्षी घटना केली आणि तिच्यात अमेरिकेच्या घटनेतून बरंच घेतलं. अध्यक्ष नागरिकांनी पाच वर्षांसाठी निवडायचा. कायदे करणारी राष्ट्रसभा मात्र त्याच्या डोक्यावर. ती किती डोक्यावर होती ते पहिल्याच अध्यक्षाला कळलं. योसियास हॉफमन एका पायानं अधू असलेला, शेजाऱ्यांशी सलोखा राखणारा माणूस होता. त्यानं बासुतोंचा राजा मोशुशू याला दारूगोळ्याचं एक पिंप भेट दिलं. सभेत गदारोळ झाला आणि वर्षाच्या आत हॉफमनला पायउतार व्हावं लागलं. बोअर अध्यक्षपदाच्या इतिहासातलं पहिलं पान आफ्रिकी राजाशी मैत्री केल्याच्या ठपक्यानं उलटलं, ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या हकिगतीची किल्ली वाटते.

त्यानंतरच्या बोशोफ आणि प्रिटोरियस यांच्यावर फार थांबायला नको. थांबायचं ते यान ब्रँडपाशी. केपमधला हा वकील १८६४ मध्ये अध्यक्ष झाला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, पुन्हापुन्हा निवडून येत राहिला. त्यानं मोशुशूशी लढाया करून सुपीक जमीन बळकावली, आणि त्याच्याच कारकिर्दीत हिऱ्यांच्या खाणींचा मुलूख इंग्रजांनी गिळला. ब्रँड लंडनला गेला, वाद घातला आणि १८७६ मध्ये ९०,००० पौंड भरपाई घेऊन परत आला. हिऱ्यांच्या मानानं ही रक्कम क्षुल्लक होती. पण त्यानं ती सरकारी कारभार नीट बसवायला वापरली. शाळा, कोर्ट, हिशेब असलेलं एक नेटकं लहान प्रजासत्ताक त्यातून उभं राहिलं. अध्यक्ष हा सभेला जबाब देणारा माणूस आहे, ही समज ब्रँडच्या काळात लोकांत रुजली.

ट्रान्सवालची गोष्ट अगदी वेगळी. तिथं सगळं कमी, भांडणं जास्त. १८७७ मध्ये तिजोरी रिकामी आणि अध्यक्ष बर्गर्स एकाकी असताना इंग्रजांनी पंचवीसेक शिपाई आणून तो देश चक्क खालसा करून टाकला. १८८० च्या डिसेंबरात पार्देक्राल इथं बोअर जमले, सरकार पुन्हा स्थापन झाल्याचं जाहीर केलं आणि अध्यक्षाच्या जागी तीन जणांचं मंडळ नेमलं: क्रूगर, ज्युबेर, प्रिटोरियस. २७ फेब्रुवारी १८८१ ला माजुबाच्या डोंगरावर इंग्रजांचा पराभव झाला आणि स्वातंत्र्य परत मिळालं. १८८३ मध्ये क्रूगर अध्यक्ष निवडून आला, आणि पुढं आणखी तीन वेळा. लहानपणी आईबापांबरोबर बैलगाडीतून आलेला, बायबलाखेरीज फारसं काही न वाचलेला हा माणूस प्रिटोरियातल्या एका साध्या बैठ्या घरात राहायचा. ओटीवर बसून कोणालाही भेटायचा.

कोणालाही, म्हणजे कोणत्याही गोऱ्याला. १८९३-९४ मध्ये पोरबंदरचा एक तरुण बॅरिस्टर प्रिटोरियात दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी राहत होता. रोज फिरायला जाताना तो क्रूगरच्या घरावरून जाई. एके दिवशी घरासमोरच्या पहारेकऱ्यानं त्याला सावधही न करता पायवाटेवरून लाथ मारून खाली ढकललं. गांधींनी आत्मकथेत ही हकिगत लिहिली आहे. घर इतकं साधं होतं की पहारेकरी नसता तर ते अध्यक्षाचं आहे हे कळलंही नसतं, अशी नोंदही त्यांनी केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच हकिगतीत लिहिणारा माणूस किती न्यायी असेल.

लाथेमागं कायदा होता. ट्रान्सवालच्या १८५८ च्या घटनेतच गोरे आणि काळे यांची बरोबरी ना राज्यात ना चर्चमध्ये, असं स्पष्ट लिहिलं होतं. १८८५ च्या तिसऱ्या कायद्यानं आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारलं, त्याला नोंदणीची फी बसवली आणि ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घ्यायला मनाई केली. फ्री स्टेटनं त्याहून पुढची मजल मारली. १८९१ मध्ये तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना दुकानं बंद करून देश सोडायला लावलं. ज्या नेटक्या प्रजासत्ताकाचं मी वर कौतुक केलं, त्याच्या सभेनं हे केलं. कौतुक मागं घ्यावं असं मला वाटत नाही, पण ते एवढ्यावर सोडताही येत नाही. तिथला अध्यक्ष लोकांना जबाबदार होता. फक्त लोक कोण, हे आधीच ठरवून टाकलेलं होतं.

१८८६ मध्ये विटवाटर्सरँडला सोनं सापडलं आणि ट्रान्सवाल इंग्रजांना एकदम हवंहवंसं झालं. ११ ऑक्टोबर १८९९ ला युद्ध पेटलं. फ्री स्टेटला सोनं नव्हतं, इंग्रजांशी थेट भांडणही नव्हतं. पण स्टाइननं शेजाऱ्याशी केलेला करार पाळला. १३ मार्च १९०० रोजी ब्लूमफाँटेन पडलं. ५ जूनला प्रिटोरिया. इंग्रजांनी दोन्ही मुलूख खालसा केल्याचे जाहीरनामे काढले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर मोगलांनी जे गृहीत धरलं तेच इथं इंग्रज सरसेनापती रॉबर्ट्सनं धरलं: राजधानी घेतली, संपलं.

इथं दोन अध्यक्षांच्या वाटा फुटतात. क्रूगर पंचाहत्तरीला टेकलेला. त्याचं सरकार काही महिने रेल्वेच्या डब्यातून चाललं. प्रिटोरिया सोडून पूर्वेला माचाडोडॉर्प, मग पोर्तुगीज हद्दीत लोरेन्सो मार्केश. नेदरलँड्सच्या राणीनं पाठवलेल्या खेल्डरलँड या युद्धनौकेतून तो निघाला आणि नोव्हेंबर १९०० मध्ये मार्सेयला उतरला. लोकांनी जयजयकार केला, सरकारांनी मदत केली नाही. इकडे स्काल्क बर्गर त्याच्या जागी काम पाहू लागला.

स्टाइन गेला नाही. तो चाळीशी ओलांडलेला, दाढी राखलेला धिप्पाड वकील; त्यानं घोडं घेतलं. क्रूनस्टाड, लिंडली, हाइलब्रॉन, बेथलेहेम, अशी राजधानीची गावं आठवड्या-महिन्यांनी बदलत गेली, आणि पुढं गावंही संपली, नुसता माळ राहिला. सेनापती क्रिस्तियान द वेटच्या स्वारांबरोबर अध्यक्ष फिरायचा. पत्रव्यवहार, नेमणुका, शिक्षा, सगळं खोगिरावरून आणि शेकोटीजवळून. १९०१ च्या मे महिन्यात ट्रान्सवालच्या पुढाऱ्यांचा धीर सुटत चालला तेव्हा त्यांनी त्याला लिहिलं. त्यानं त्यांना कडक उत्तर पाठवलं आणि युद्ध आणखी वर्षभर चाललं. या एका माणसाच्या नकारानं किती आणखी घरं जळाली याचा हिशेब केल्याशिवाय मला त्याचं धैर्य सांगता येत नाही. रॉबर्ट्सनंतरचा इंग्रज सरसेनापती किचनेर यानं सुमारे ८,००० लहान बुरूज बांधून, त्यांच्यामध्ये काटेरी तारा ओढून अख्खा मुलूख चौकटींत चिरला. तीसेक हजार शेतघरं जाळली. बायकामुलांना छावण्यांत कोंबलं, आणि तिथं गोवर, हगवण आणि उपासमारीनं सव्वीस हजारांहून अधिक बोअर बायका-मुलं मेली. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या. तिथल्या मृतांची नोंद इतकी निष्काळजीपणे ठेवली गेली की आज किमान चौदा हजार एवढंच म्हणता येतं, आणि खरा आकडा त्याहून मोठा मानतात.

११ जुलै १९०१ च्या पहाटे राइट्स या गावात इंग्रज घोडेस्वारांनी फ्री स्टेटचं सरकार झोपेतच पकडलं. कारभारी मंडळी, कागद, तिजोरी, सगळं. एक स्टाइन सुटला. त्याच्या काळ्या चाकरानं त्याला उठवलं, आणि अंगावर होत्या त्या कपड्यांनिशी अध्यक्ष काळोखात घोड्यावरून निघून गेला. ज्या घटनेनं त्या चाकराला मत दिलं नव्हतं, तिचा सर्वोच्च अधिकारी त्याच्या एका हाकेमुळे वाचला. फ्री स्टेट आणखी दहा महिने जिवंत राहिलं ते या हाकेवर.

आपल्याकडच्या ऐकीव इतिहासात असे प्रसंग भरपूर आहेत, आणि ते सगळे राजांचे नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर महादेव कोळ्यांचे नाईक असेच फिरले. राघोजी भांगरे १८४० च्या दशकात याच डोंगरांतून इंग्रजांशी झुंजत होता. १८४८ मध्ये त्याला ठाण्यात फाशी दिलं. १८७० च्या दशकात आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. सावकारांची खतं, गहाणखतं ही त्याची लक्ष्यं होती. त्याच्या मागावर पोलीस, फौज आणि डोक्यावर बक्षीस लावून १८७६ मध्ये त्याला पकडलं. नाईकाला राजधानी नसते, सभा नसते, शिक्का नसतो. गावं त्याला भाकरी पोचवतात आणि तोंड बंद ठेवतात तोवर तो नाईक. माळावरच्या स्टाइनचं अध्यक्षपद अखेरीला या नाईकीच्या अगदी जवळ येऊन पोचलं होतं. फरक एवढाच, की होन्याच्या मागं उभं राहणाऱ्यांना राज्यकर्ते दरोडेखोर म्हणत, आणि स्टाइनचे लोक तहाच्या टेबलावर बसू शकले.

बोअर युद्धाच्या वेळी पुण्यात ‘केसरी’ होता, आणि शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ नुकताच, १८९८ मध्ये, सुरू झालेला. मराठी पत्रांचा ओढा बोअरांकडे होता. मूठभर शेतकरी घोड्यावर बसून साम्राज्याला दमवतात, ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागली नाही. गनिमी काव्याची भाषा घराघरात होती. गांधींचं मनही बोअरांकडेच होतं. तरी प्रजाजन म्हणून कर्तव्य मानून त्यांनी नाताळमध्ये सुमारे ११०० हिंदी लोकांचं शुश्रूषापथक उभं केलं. बोअर कायद्याची लाथ प्रत्यक्ष खाल्लेला माणूस आणि पुण्यातला वाचक, दोघंही लांबून बोअरांच्या बाजूचे. सहानुभूती अशी दोन वाटांनी आली, आणि एका वाटेवरच्या माणसाला दुसऱ्या वाटेवरचे काटे दिसत नव्हते. पुण्याच्या वाचकाला १८९१ चा फ्री स्टेटचा कायदा तेवढ्या ठळकपणे दिसला असता तर त्याचा कौल बदलला असता का, हा प्रश्न मला नेहमी सतावतो.

१९०२ च्या मे महिन्यात व्हेरीनिखिंगला दोन्ही प्रजासत्ताकांचे तीस-तीस प्रतिनिधी तंबूंत जमले. स्टाइनला तोवर हात हलवता येत नव्हता, पापण्या उचलत नव्हत्या. २९ मे रोजी त्यानं राजीनामा दिला. स्वातंत्र्य सोडण्याच्या कागदावर सही करणार नाही हे त्याचं ठरलं होतं. द वेट दोन दिवसांपुरता हंगामी अध्यक्ष झाला. ३१ मे रोजी ५४ विरुद्ध ६ मतांनी तह मान्य झाला आणि त्याच रात्री प्रिटोरियात सह्या झाल्या. ऑरेंज फ्री स्टेटचं अध्यक्षपद शेवटचे दोन दिवस ज्याच्याकडे होतं, त्यालाच ते संपवण्याच्या कागदावर सही करावी लागली.

म्हणून अहमदनगरचे ते कैदी मला महत्त्वाचे वाटतात. स्टाइननं सही टाळली, पण त्याच्या देशाला ती टाळता आली नाही. हजारो मैलांवर, दख्खनच्या उन्हात, काही साध्या शेतकऱ्यांनी ती आणखी दीड वर्ष टाळली. त्याच नगरच्या किल्ल्यात पुढं १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना ठेवलं गेलं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांच्या आधीचे हे कैदी आपल्या आठवणीतून निसटले.

क्रूगर १४ जुलै १९०४ ला स्वित्झर्लंडमध्ये वारला. डिसेंबरात त्याला प्रिटोरियात पुरलं. १९१० मध्ये चारही वसाहती एक होऊन दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला, आणि त्याचा पहिला पंतप्रधान झाला बोअर सेनापती लुई बोथा. दोन वर्षांनी पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले तिथं गेले. १४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात ते बोथा आणि त्याचे मंत्री स्मट्स आणि फिशर यांना भेटले. फिशर फ्री स्टेटचा. गिरमिट संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होईल असं गोखल्यांना सांगण्यात आलं. तो झाला नाही, आणि १९१३ च्या सत्याग्रहाला तोंड फुटलं. त्या सत्याग्रहात गांधींनी मांडलेल्या मुद्द्यांत एक फ्री स्टेटचा होता: तिथं पाऊल ठेवणाऱ्या हिंदी माणसाकडून अपमानकारक प्रतिज्ञापत्र घेण्याची तरतूद. अध्यक्ष गेला, प्रजासत्ताक गेलं. १८९१ चा कायदा मात्र ब्लूमफाँटेनच्या कायदेपुस्तकात जागच्या जागी होता. हिंदी माणसाला फ्री स्टेटमध्ये राहायची बंदी १९८० च्या दशकापर्यंत टिकली. पद संपल्यावर त्याचं काय उरलं याचं हे दुसरं, अधिक कडू उत्तर.

त्याच १९१२ च्या ८ जानेवारीला, त्याच ब्लूमफाँटेनमध्ये, वायहूक वस्तीत काळ्या पुढाऱ्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची पूर्वज संस्था स्थापन केली. १९१३ च्या डिसेंबरात शहराबाहेर छावण्यांतल्या मृत बायकामुलांचं स्मारक उभं राहिलं. कल्पना स्टाइनची, आणि १९१६ मध्ये मेल्यावर त्याला त्याच्याच पायथ्याशी पुरलं. द ला रे १९१४ च्या सप्टेंबरात जोहान्सबर्गजवळ पोलिसांच्या नाक्यावर गोळी लागून मेला. नगरहून त्यानं परत नेलेल्या माणसांतले काही त्या वर्षीच्या बोअर बंडात द वेटबरोबर पुन्हा घोड्यावर बसले असतील, असा नुसता तर्क करता येतो.

पद परत आलं १९६१ मध्ये. दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक झाली ती ३१ मे या दिवशी, तहाची तारीख मुद्दाम धरून, आणि प्रमुखाला ‘राज्याचा अध्यक्ष’ हे जुनं बोअर नाव दिलं. पहिला अध्यक्ष चार्ल्स स्वार्ट फ्री स्टेटचाच. आरंभी हे पद शोभेचं होतं. १९८४ मध्ये पी. डब्ल्यू. बोथानं त्याच्यात कारभाराची सगळी सत्ता ओतली. १० मे १९९४ रोजी प्रिटोरियात नेल्सन मंडेलांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. या वेळी प्रत्येक प्रौढ माणसाला मत होतं. हॉफमनच्या सभेला जे नको होतं ते सगळं त्यात आलं.

ब्लूमफाँटेनला १८९३ मध्ये बांधलेली राष्ट्रसभेची इमारत अजून उभी आहे. तिथंच स्टाइननं १८९६ पासून कारभार पाहिला आणि तिथूनच मार्च १९०० मध्ये त्याला निघावं लागलं. १९९४ नंतर त्याच सभागृहात फ्री स्टेट प्रांताचं विधिमंडळ भरतं, आणि तिथल्या बाकांवर बसणारे बहुतेक सभासद सोतो भाषा बोलतात, मोशुशूच्या लोकांची.